शाळेत धर्मांविषयी शिकवताना तोल नेमका कुठे जातो?

प्रश्न : मी सहावी ते आठवीच्या वर्गांना सामाजिक शास्त्रं शिकवते. पुढच्या वर्षी ‘जगातले धर्म’ हा भाग माझ्याकडे येतो आहे. वर्गात वेगवेगळ्या धर्मांची मुलं आहेत, काही घरांत देवच मानत नाहीत. मी स्वतः श्रद्धाळू आहे. कुणाचीही बाजू न घेता हे शिकवता येतं का? की ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ असं म्हणून पुढे जावं?

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक शिक्षक तिथेच सुटका करून घेतात. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य गोड आहे, पण तटस्थ नाही. तेही एक धार्मिक मतच आहे. काही परंपरांना ते मनापासून पटतं, काहींना अजिबात पटत नाही. बौद्ध आणि जैन परंपरा जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत. इस्लाममध्ये ईश्वराचं एकत्व हाच सगळ्याचा पाया आहे. निर्वाणाची कल्पना आणि स्वर्गाची कल्पना या एकमेकींच्या जागी ठेवता येत नाहीत. हे फरक पुसले की वर्गात शांतता राहते, पण मुलांच्या पदरात काही पडत नाही. शिवाय ज्याच्या घरची श्रद्धा या वाक्यात बसत नाही, किंवा ज्याच्या घरी श्रद्धाच नाही, त्या मुलाला बरोबर कळतं की इथे आपण गप्प बसलेलं बरं. एखाद्या मुलाने असं म्हटलं तर म्हणू द्या, ते त्याचं मत झालं. शिक्षकाने ते धड्याचा निष्कर्ष म्हणून फळ्यावर लिहू नये.

आता मुख्य प्रश्न. बाजू न घेता शिकवता येतं. पण त्यासाठी आधी शिक्षकाचं मन कोरं हवं, असा एक समज असतो. मन कोरं होत नसतं, श्रद्धाळूचंही नाही आणि नास्तिकाचंही नाही. नास्तिक शिक्षक आपोआप तटस्थ असतो असं मानणारे मला प्रशिक्षणांत नेहमी भेटतात. ‘बिचारे अजून हे मानतात’ हा सूर मुलांना पहिल्या पाच मिनिटांत ऐकू येतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. तेव्हा स्वतःच्या श्रद्धेची काळजी सोडा. मन दुरुस्त करता येत नसलं तरी वर्गात बोलायची वाक्यं, विचारायचे प्रश्न आणि दाखवायचं साहित्य दुरुस्त करता येतं, आणि पक्षपात मुख्यतः तिथेच राहत असतो.

कायद्याच्या बाजूने फारसं घाबरायचं कारण नाही. धर्म शिकवणं आणि धर्मांविषयी शिकवणं हा फरक बऱ्याच देशांनी मान्य केलेला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये अ‍ॅबिंग्टन विरुद्ध शेम्प या खटल्यात सरकारी शाळांतलं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. त्याच निकालात धर्मांचा वस्तुनिष्ठ अभ्यास हा शिक्षणाचा भाग असायला हरकत नाही, असंही स्पष्ट केलं. भारतात राज्यघटनेचं कलम 28 पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण द्यायला मनाई करतं. पण कोठारी आयोगाने (1964-66) धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण वेगळं मानलं, आणि 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांच्या अभ्यासाला घटनेची आडकाठी नाही असं म्हटलं. शिक्षकांसाठी मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. युरोपातल्या सुरक्षा आणि सहकार्य संघटनेने 2007 मध्ये काढलेली टोलेडो तत्त्वं त्यांत सगळ्यात उपयोगी.

वाक्यांकडे येऊ. प्रत्येक वाक्याला मालक असला पाहिजे. ‘मुहंमद पैगंबरांनी 622 मध्ये मक्केहून मदिनेला स्थलांतर केलं’ हे इतिहासाचं वाक्य आहे, ते तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हणू शकता. ‘त्यांच्यावर ईश्वराची वाणी उतरली’ हे श्रद्धेचं वाक्य आहे. त्याच्याआधी ‘मुसलमानांच्या श्रद्धेनुसार’ हवं. ‘येशूला क्रुसावर चढवलं’ हे इतिहासकार मान्य करतात. ‘तो तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला’ ही ख्रिस्ती श्रद्धा. इथपर्यंत कुणीही सांगेल. खरी गफलत पुढे होते. परक्या धर्माबद्दल बोलताना ‘ते मानतात’ आपोआप तोंडात येतं आणि स्वतःच्या धर्माबद्दल बोलताना तेच गळून पडतं. त्यांच्या कथा ‘दंतकथा’ होतात, आपल्या कथा ‘घडलं असं’ म्हणून सांगितल्या जातात. त्यांची ती ‘कर्मकांडं’, आपली ती ‘परंपरा’. हे मुद्दाम कुणी करत नाही, म्हणूनच ते सापडत नाही. माझा सल्ला साधा आहे: स्वतःच्या धर्मावरचा तास मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या धर्माच्या सहकाऱ्याला ऐकवा. तो जिथे भुवई उंचावेल तिथे खूण करा. दहा प्रशिक्षणांत जे कळत नाही ते यात कळतं.

उलटी चूकही होते. अति सावधगिरीने शिक्षक प्रत्येक वाक्यात ‘तथाकथित’, ‘म्हणे’ घालतात. त्यातून अविश्वास टपकतो. ‘ख्रिस्ती लोकांसाठी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण आहे’ हे सरळ विधान आहे, त्याला ‘म्हणे’ची गरज नाही.

यापेक्षाही मोठा पक्षपात एका निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टीत असतो, आणि त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे: तक्ता. धर्म, संस्थापक, ग्रंथ, देव, प्रार्थनास्थळ, सण. सहा रकाने आखायचे आणि प्रत्येक धर्म त्यांत भरायचा. (परीक्षेला सोपा, भिंतीवर छान दिसतो, म्हणून कुणी तो सोडायला तयार नसतं.) हे रकाने कुठून आले? एक संस्थापक, एक ग्रंथ, एक ईश्वर, आठवड्याची सामूहिक उपासना असा नमुना काही धर्मांत आहे, आणि तोच सगळ्या जगाला लावला गेला. त्यात हिंदू परंपरेचा ‘संस्थापक’ रकाना रिकामा राहतो, तर ग्रंथाच्या रकान्यात शिक्षक कधी वेद लिहितात, कधी भगवद्गीता. जपानमधल्या शिंतो धर्मालाही संस्थापक नाही. बौद्धांसमोर ‘देव’ या रकान्यात मुलं हमखास ‘बुद्ध’ लिहितात आणि त्याला गुणही मिळतात. शिखांच्या बाबतीत गुरू ग्रंथ साहिब ‘ग्रंथ’ या रकान्यात टाकला की मुख्य गोष्टच निसटते: 1708 पासून शीख त्याला फक्त ग्रंथ न मानता गुरू मानतात. आदिवासी समाजांच्या अनेक श्रद्धा लिखित नाहीत, म्हणून त्या तक्त्यात येतच नाहीत आणि मुलांच्या लेखी त्या ‘धर्म’ उरत नाहीत. पारंपरिक यहुदी नियमानुसार यहुदी आईच्या पोटी जन्मलेलं मूल यहुदीच असतं, पुढे त्याने काय मानलं वा मानलं नाही तरी. तिथे ‘तुमचा विश्वास कशावर?’ हा पहिला प्रश्नच नाही.

रिकामा रकाना मुलांना ‘कमी’ वाटतो, हे लक्षात ठेवा. तुम्ही एक शब्दही न बोलता क्रमवारी लागून जाते.

मग काय करायचं? ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठात 1967 मध्ये धर्माभ्यासाचा विभाग सुरू करणारे निनियन स्मार्ट यांनी धर्माची सात अंगं मांडली: विधी, कथा, अनुभव, समाज आणि संस्था, आचारनियम, तत्त्वविचार आणि वस्तू-वास्तू-कला. यातही सगळे धर्म सारखे बसत नाहीत, पण प्रत्येकाचं बलस्थान वेगळ्या जागी दिसतं. एखादी परंपरा विधींमध्ये समृद्ध, एखादी तत्त्वविचारात, एखादी कथांमध्ये. मी सातही अंगं प्रत्येक धर्माला लावत नाही. त्या परंपरेची माणसं स्वतःची ओळख जिथून करून देतात, तिथून सुरुवात करतो. यहुदी परंपरा शब्बाथपासून (आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस), बौद्ध परंपरा दुःखाच्या प्रश्नापासून, इस्लाम दिवसातल्या पाच नमाजांपासून. सगळ्यांना एकच दार असावं असा नियम नाही. आणि ‘संस्थापकाचं चित्र काढून आणा’ हा गृहपाठ कायमचा विसरा. अनेक धर्मांना संस्थापक नाही, आणि पैगंबरांचं चित्र काढणं बहुसंख्य मुसलमानांना मान्य नाही.

दुसरी मोठी जागा म्हणजे धर्माच्या आतली विविधता. ‘मुसलमान असं करतात’, ‘ख्रिस्ती असं मानतात’ या वाक्यांत ‘सगळे’ हा शब्द न उच्चारता बसलेला असतो. त्याऐवजी ‘बरेच’, ‘काही’, ‘या पंथात’ म्हणा, आणि निदान एक उदाहरण असं द्या की ‘सगळे’ तिथल्या तिथे मोडेल. मला नाताळचं आवडतं. बहुतेक ख्रिस्ती 25 डिसेंबरला तो साजरा करतात, पण रशियासह काही ठिकाणच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तो 7 जानेवारीला येतो, कारण ती चर्च जुन्या ज्युलियन कॅलेंडरने चालतात आणि ते सध्या 13 दिवस मागे आहे. मुलांना गंमत वाटते आणि न सांगता कळतं की ‘ख्रिस्ती’ म्हणजे एकच प्रकार नव्हे. तसंच इस्लामच्या धड्यात वाळवंट, उंट आणि अरबी पोशाखच दाखवले जातात. जगातल्या मुसलमानांपैकी अरब साधारण पाचात एक आहेत, आणि मुसलमानांची संख्या सर्वांत मोठी असलेल्या देशांत वर्षानुवर्षं इंडोनेशिया आघाडीवर राहिला आहे. चित्रं निवडताना हे डोळ्यांसमोर ठेवा.

आतल्या विविधतेकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, हे तुर्कस्तानच्या एका खटल्यात दिसतं. तिथल्या शाळांत ‘धर्मसंस्कृती आणि नीतिज्ञान’ हा सक्तीचा विषय होता. एका अलेवी (सुन्नींहून वेगळा असलेला तिथला पंथ) कुटुंबाचं म्हणणं होतं की त्यात इस्लाम म्हणून फक्त सुन्नी समजूतच शिकवली जाते. 2007 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. एकाच धर्मातल्या मुलावरही अन्याय होऊ शकतो, आणि तो बाहेरच्याला दिसतही नाही.

वॉरिक विद्यापीठातले रॉबर्ट जॅक्सन यांची एक सूचना इथे कामी येते. परंपरा, त्या परंपरेतला गट, आणि त्या गटातला एक माणूस अशा तिन्ही पातळ्यांवर धर्म पाहायचा. पुस्तकात परंपरा असते, मुलाच्या घरी मात्र माणूस असतो. ‘पुस्तकात लिहिलंय तसं माझी आजी करत नाही’ असं मूल म्हणालं, तर पुस्तक चूक की आजी चूक असा निवाडा करायचा नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही धड्याचा भाग आहे.

पानं आणि तास समसमान वाटायचे का, असं मला हमखास विचारलं जातं. नाही. नॉर्वेच्या एका खटल्यात (फोल्गेरो, 2007) युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने म्हटलं की देशाच्या इतिहासात ख्रिस्ती धर्माचं जे स्थान आहे ते पाहता त्याला अभ्यासक्रमात जास्त जागा मिळाली, एवढ्यानेच पक्षपात होत नाही. तरीही नॉर्वे तो खटला हरला, तोही 9 विरुद्ध 8 अशा निसटत्या मतांनी. कारण जागा जास्त असण्यापलीकडे शिकवण्याची तऱ्हाच वेगळी होती: एका धर्माची ओळख आतून, बाकीच्यांची बाहेरून. शिवाय सूट हवी तर ती विषयाच्या काही भागांपुरतीच मिळे, आणि ती मागण्यासाठी पालकांना आपली खाजगी मतं शाळेपुढे उघडी करावी लागतील अशी व्यवस्था होती. हा निकाल मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. तास मोजत बसण्यापेक्षा तऱ्हा तपासा.

वर्गातल्या मुलांना त्यांच्या धर्माचे प्रवक्ते करू नका. ‘तू सांग, तुमच्यात कसं असतं?’ हे प्रेमाने विचारलेलं असतं, पण वर्गात त्या धर्माचं ते एकटंच मूल असेल तर त्याच्यावर सगळ्या समाजाचं ओझं येतं. कदाचित त्याला माहीत नसतं. कदाचित त्याला आज वेगळं दिसायचं नसतं. स्वतःहून हात वर केला तर जरूर बोलू द्या. देव न मानणाऱ्या घरच्या मुलांनाही हेच लागू. आणि त्यांच्यासाठी धड्यात जागा ठेवा. धर्म न मानणं हीसुद्धा जगाकडे पाहण्याची एक रीत आहे, तो रिकामा रकाना नाही.

उपक्रमांत एकच सीमा पाळायची: पाहणं, ऐकणं, विचारणं चालेल, करून पाहणं चालणार नाही. प्रार्थनास्थळाला भेट द्या, तिथल्या माणसाला प्रश्न विचारा, पण मुलांकडून पूजा, नमाज किंवा बाप्तिस्म्याचं नाटक करवून घेऊ नका. श्रद्धा असलेल्याला ती थट्टा वाटते आणि नसलेल्याला सक्ती. 2015 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात भूगोलाच्या तासाला अरबी सुलेखनाचा सराव म्हणून मुलांना शहादा, म्हणजे इस्लामचं श्रद्धावचन, गिरवायला दिलं गेलं. हेतू लिपीचं सौंदर्य दाखवण्याचा होता. पालक इतके खवळले की त्या काउंटीतल्या सगळ्या शाळा एक दिवस बंद ठेवाव्या लागल्या. संतापाचं प्रमाण अवास्तव होतं असं माझं मत आहे, पण सुलेखनासाठी दुसरा कुठलाही मजकूर चालला असता हेही खरं.

मुलं अवघड प्रश्न विचारणारच. ‘बाई, खरा धर्म कोणता?’ याला ‘असं विचारू नये’ हे उत्तर नाही. ‘प्रत्येक परंपरा याचं उत्तर देते, आणि ती उत्तरं वेगळी आहेत. कोणतं उत्तर का दिलं जातं हे आपण इथे समजून घेऊ. तुला काय पटतं ते तू घरच्यांशी बोलून, मोठा होता होता ठरव’ एवढं पुरतं. ‘तुम्ही देव मानता का?’ यावर माझं मत ठाम आहे: आठवीपर्यंत सांगू नका. खोटं बोलायचं नाही, टाळतोय हे लपवायचंही नाही. ‘हा भाग संपेपर्यंत नाही सांगणार, कारण मग तुम्ही मला आवडेल ते लिहाल.’ मुलांना हे लगेच पटतं. तुमच्या नावावरून, पेहरावावरून त्यांनी ओळखलेलं असतंच. मुद्दा त्यांना तुमच्या मनासारखं लिहायची गरज वाटू नये हा आहे.

‘आमचे बाबा म्हणतात, ती माणसं वाईट असतात.’ इथे बाबांवर घसरू नका, मूल कायमचं गप्प होईल. ‘ती’ म्हणजे कोण, सगळी का, हे कसं कळलं, असे प्रश्न विचारा. पण समोर बसलेल्या वर्गमित्राचा अपमान होत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. धर्मांमध्ये बाजू घ्यायची नाही, याचा अर्थ छळाच्या बाबतीतही मधोमध उभं राहायचं असा होत नाही.

धर्माच्या नावाने झालेली हिंसा आणि अन्याय वगळायचे का? सहावीला तपशील नको, आठवीला वगळू नका. मात्र सगळ्यांना माप एकच लावा. एका धर्माच्या धड्यात युद्धं आणि दुसऱ्याच्या धड्यात फक्त संतवचनं, हा उघड पक्षपात आहे. मी शक्यतो अशी उदाहरणं घेतो जिथे एकाच धर्माची माणसं दोन्ही बाजूंना दिसतात. अमेरिकेत गुलामगिरीचं समर्थन करणारेही बायबलचे दाखले देत आणि तिच्याविरुद्ध लढणारे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोकही. म्यानमारमध्ये 2007 साली लष्करी राजवटीविरुद्ध हजारो बौद्ध भिक्खू शांतपणे रस्त्यावर उतरले. पुढच्या काही वर्षांत तिथल्याच काही भिक्खूंनी मुसलमानांविरुद्ध उघड प्रचार केला. ‘धर्म असं करायला लावतो’ आणि ‘खऱ्या धर्मात असं नसतंच’ ही दोन्ही सोपी उत्तरं अशा उदाहरणांपुढे टिकत नाहीत, आणि मुलं खरा विचार करायला लागतात.

पालकांना सत्र सुरू होण्याआधी भेटा, तक्रार आल्यावर नाही. साहित्य टेबलावर ठेवा, पाहू द्या. त्यांची खरी भीती एकच असते: मूल आपला धर्म सोडेल. कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो शहराने 2000 पासून नववीच्या सगळ्या मुलांना जगातल्या धर्मांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. सुरुवात धर्मस्वातंत्र्याच्या हक्कापासून होते, मग एकेक धर्म. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी मुलांची मतं तपासली, तेव्हा इतरांच्या हक्कांविषयीचा आदर वाढलेला दिसला, आणि मुलं स्वतःच्या श्रद्धेपासून दूर गेल्याचं आढळलं नाही. हे पालकांना सांगा. कॅनडात मात्र क्वेबेकमधल्या काही पालकांना असा विषयच नको होता. 2012 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वेगवेगळ्या धर्मांची नुसती ओळख झाल्याने पालकांच्या धर्मस्वातंत्र्यावर गदा येत नाही. तुमच्याकडे सूट देण्याचा नियम असेल तर ती द्या, आणि कारण विचारू नका.

राहिली परीक्षा. कोणत्याही मुलाच्या श्रद्धेला गुण द्यायचे नाहीत. ‘तुला कोणता धर्म आवडला व का?’ हा प्रश्न मी अजूनही सराव-प्रश्नपत्रिकांत पाहतो. तो काढून टाका. त्याऐवजी चार वाक्यं द्या आणि इतिहासाचं कोणतं, श्रद्धेचं कोणतं, हे कारणासह विचारा. किंवा दोन ख्रिस्ती कुटुंबं नाताळ वेगवेगळ्या दिवशी का साजरा करत असतील, ते विचारा. मोठ्या मुलांना आपल्या घरच्या नसलेल्या एका परंपरेतल्या विधीचं वर्णन असं लिहायला सांगा की ती परंपरा पाळणाऱ्याला ते ओळखीचं वाटेल. तपासताना ‘विचित्र’, ‘अंधश्रद्धा’, ‘महान’ असे शेरे आले असतील तर गुण कापण्याआधी एकदा मुलाला परत लिहू द्या. आणि शक्य असेल तर त्या परंपरेतल्या एखाद्या सहकाऱ्याला चार-दोन उत्तरपत्रिका वाचायला द्या.